मागच्या सीटवरचा हात

अकरा वर्षं रत्नप्रभा मेस्त्री नवऱ्याच्या स्कूटरचा इंडिकेटर होती.

हे काम तिला कुणी सांगून दिलं नव्हतं. नाहूरच्या पुलाखाली एका टेम्पोने मागून ढोसलं आणि दशरथच्या स्कूटरचे वळायचे दोन्ही दिवे फुटले, आतली वायरही तुटली. गॅरेजवाला म्हणाला, संध्याकाळी या. ती संध्याकाळ अकरा वर्षांत उगवली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत सोडायला निघताना रत्नप्रभाने विचारलं, तर दशरथ म्हणाला, "दिव्यांचा काय एवढा? तू आसस ना मागे. हात दाखव."

आणि तिने दाखवला. तिथेच चुकली. एकदा एखादं काम बिनबोभाट केलं की ते आपल्या गळ्यात पडतं, हे तिला लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर तरी कळायला हवं होतं.

साडी नेसून एका अंगाला बसलं की उजवा हात बाहेर निघत नाही, म्हणून तिने पंजाबी ड्रेस घालायला सुरुवात केली. शाळेत ती सेविका. तिथे निळ्या काठाची साडी सक्तीची, म्हणून ती साडी पिशवीत. रोज पावणेसातला शाळेच्या बाथरूममध्ये ड्रेस काढायचा, साडी नेसायची, आणि दोन वाजता पुन्हा उलटं. सगळं कशासाठी, तर स्कूटरला शंभर-दोनशे रुपयांचे दिवे नाहीत म्हणून. मुलगी श्रुतिका लग्न होऊन दिंडोशीला गेली. तिथून ती दर रविवारी फोनवर ओरडायची, "आई, तू माणूस आहेस की स्पेअर पार्ट?" रत्नप्रभाला हसू यायचं. नंतर नंतर तेही यायचं बंद झालं.

बरं, हात दाखवायचा म्हणजे कुठल्या बाजूला, ते तर कळायला हवं? दशरथ सांगायचा नाही. "रोजचोच रस्तो, सांगूचा काय त्यात?" पण रोजचा रस्ता तो रोज वेगळ्या वाटेने काढायचा. कधी पेपर घ्यायला डावीकडे, कधी भाजीवाला आठवला म्हणून मध्येच उजवीकडे. तेव्हा ती त्याची पाठ वाचायला शिकली. उजवीकडे वळायचं असलं की त्याचं उजवं कोपर अंगापासून जरासं सुटायचं. डावीकडे वळायचं असलं की तो खाकरायचा. का खाकरायचा ते त्यालाही माहीत नव्हतं. कोपर सुटलं की उजवा हात, खाकरला की डावा. अकरा वर्षांत तिचा अंदाज बहुधा चुकला नाही. नवऱ्याच्या पोटातलं कधी काही कळलं नसेल, पाठीवरचं मात्र तिला पाठ होतं.

एलबीएस रस्त्यावर हात दाखवत जाणं म्हणजे काय, ते मागे बसणाऱ्यालाच ठाऊक. पुढे बघणाऱ्याला काही दिसत नाही. मागून येणारा प्रत्येक जण आपल्या मनात काय आहे ते जगापासून लपवून चाललेला असतो. रिक्षावाला वळणार असला तर पाय बाहेर काढतो, तोही वळून झाल्यावर. मोठ्या गाडीवाल्यांच्या गाडीला चारी बाजूंनी दिवे, पण ते लावायला बोट हलवायचं म्हणजे त्यांना कोण कष्ट! जेवणाचे डबे पोचवणारी पोरं तर वळतच नाहीत, ती उगवतात. आणि एखाद्याचा दिवा चुकून लुकलुकत असलाच, तर तो घाटकोपरपासून लुकलुकत आलेला असतो आणि ठाण्यापर्यंत लुकलुकत जाणार असतो. त्या गर्दीत एक बाई रोज सकाळी तळहात उघडा करून, हात ताठ धरून बसायची. कुणी बघायचं, कुणी नाही. एकदा एका बसवाल्याने तिला वाट देऊन वर मान डोलावली होती, ते तिने घरी येऊन दोनदा सांगितलं.

असं सगळं चाललं होतं, आणि मग तिचा उजवा खांदा धरला.

दिवाळीनंतर धरला तो सुटेचना. वेणी घालताना हात डोक्यापर्यंत जाईना. शाळेतल्या फळ्यावरची धूळ पुसताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरने हात इकडे तिकडे फिरवून बघितला आणि फ्रोझन शोल्डर म्हणून सांगितलं. व्यायाम करा, शेक घ्या, झटका देऊ नका, वजन उचलू नका. "हात असा बाजूला ताठ धरायचं काही काम असतं का?" डॉक्टरने विचारलं. रत्नप्रभा खाली मान घालून म्हणाली, "नाही." खरं सांगायची लाज वाटली.

दशरथला मात्र तिने खरं तेच सांगितलं. तो म्हणाला, "करतंय. शनिवारी जातंय गॅरेजात." शनिवार आला, गेला. असे चार शनिवार गेले. पूर्वी हा माणूस असा नव्हता. भांडुपच्या एका कारखान्यात तो एकतीस वर्षं स्टोअरकीपर होता. कुठला नट कुठल्या खणात आहे ते डोळे मिटून सांगायचा. साहेब लोक पैज लावायचे त्याच्यावर. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, आणि आता तिला शाळेत सोडायचं, आणायचं, एवढंच काम. मधले सात तास तो मुलुंडला बाळा नावाच्या मित्राच्या हार्डवेअरच्या दुकानात गप्पा मारत बसायचा. निदान तसं सांगायचा.

पण नोव्हेंबरात शाळेचा वॉचमन धोंडिराम तिला म्हणाला, "ताई, मिस्टर तुमचे रोज हितंच बसत्यात की. त्या समोरच्या झाडाखाली. म्या च्या पाजतो अधनंमधनं."

ती चिडली. घरी जाऊन विचारलं, "माझ्यावर पहारा ठेवता की काय? का बाळाशी भांडलात?"

"ऊन कोवळा असता," तो म्हणाला. "बसतंय."

"सात तास कोवळं असतं?"

तो स्कूटर पुसायला उठला. तीन दिवस अबोला. चौथ्या दिवसापासून तो झाडाखाली दिसेनासा झाला, आणि तिने विषय सोडून दिला. तो गल्लीच्या कोपऱ्यावर, दुधाच्या बूथमागे बसायला लागला होता, हे तिला फार नंतर कळलं.

त्याच्याही आधी, ऑक्टोबरात, पेट्रोल पंपाचं झालं होतं. सकाळी एलबीएसवरून जाताना तिची ओढणी वाऱ्याने उडाली. ती धरायला तिने उजवा हात झटकन बाहेर टाकला. तर हा पठ्ठ्या सरळ उजवीकडे वळून, समोरून येणाऱ्या दोन ट्रकांच्या मधून, पंपात शिरला!

"अहो, पेट्रोल संपलं?"

"बघूया," तो म्हणाला. झाकण उघडलं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली. आदल्याच दिवशी भरली होती. पंपावरचा माणूस आ वासून बघत राहिला. रत्नप्रभाने शाळेत ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. सगळे पोट धरून हसले, तीही हसली.

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र तिने कुणाला सांगितली नव्हती. गणपतीनंतर कधीतरी तिच्या लक्षात आलं, की दशरथने उजवा आरसा आत वळवून ठेवला आहे. त्यात मागचा रस्ता दिसत नव्हता, ती दिसत होती. मान जराशी कलती केली की तिला आरशात त्याचे डोळे दिसायचे, तिच्याकडे लागलेले. पहिल्या दिवशी तिला वाटलं, आरसा ढिला झाला असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच. म्हातारा आपल्याकडे बघतो आहे! त्रेपन्नाव्या वर्षी ती मनातल्या मनात लाजली. तिसऱ्या दिवशी केसांत अबोलीचा एवढासा गजरा माळला. खांदा धरला तेव्हा वेणी घालता येईना, तरी ती डाव्या हाताने कशीबशी पिन खोचायची. सकाळी साडेसहाला, कुणासाठी, तर आरशातल्या त्या दोन डोळ्यांसाठी.

जानेवारीतल्या एका रविवारी मात्र तिचा धीर सुटला. रात्रभर खांदा ठणकला होता. भाकरी थापताना हात गळून पडला. ती पोळपाट सोडून उठली आणि बाहेर येऊन म्हणाली, "उद्या सकाळपर्यंत दिवे लागले नाहीत तर मी हात उचलणार नाही."

"बघूया."

"बघूया नाही. मी दमले आता. खरंच दमले. तुमचं तुम्ही वळा."

तो टीव्हीकडे बघत राहिला. टीव्ही बंद होता.

सोमवारी सकाळी दिवे अर्थातच लागलेले नव्हते. ती मागे बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हात पिशवीवर ठेवले. दशरथने आरसा चाचपला, तिच्याकडे वळवून घेतला. मग विचारलं, "बसलंस नीट?" हे तो कधी विचारायचा नाही.

गल्लीतून बाहेर पडताना वळण एकच, ते ठीक गेलं. एलबीएसवर मेट्रोचे निळे पत्रे दोन्ही बाजूंनी लागलेले. कालपर्यंत जिथून वळता येत होतं तिथे आज खड्डा, आणि जिथे खड्डा होता तिथे आज रस्ता. चार महिने या पत्र्यांनाच ती दोष देत होती. तो मध्येच हळू व्हायचा, घुटमळायचा. ती मनात म्हणायची, कुणीही गोंधळेल इथे.

शाळेचं वळण आलं. तिथे उजवीकडे वळून पाच रस्त्याच्या अलीकडे शाळा. ती कोपराकडे बघत होती. कोपर सुटलं नाही. तिचा हात सवयीने उचलला जाऊ लागला, खांद्यात कळ उठली, आणि तिने तो पिशवीवर दाबून धरला. नाही म्हणजे नाही.

स्कूटर सरळ गेली.

रुसलाय, तिला वाटलं. मुद्दाम पुढच्या वळणाने नेतोय, मला उशीर व्हावा म्हणून. पुढचं वळण आलं, तेही गेलं. त्याच्या पुढचंही गेलं. दुकानं संपत आली. ती आरशात बघायला लागली. डोळे तिच्याकडे होते, पण चेहऱ्याकडे नव्हते. डोळे तिच्या उजव्या हाताकडे होते. आरशातून तो तिचा हात शोधत होता, पुन्हा पुन्हा, आणि समोर एक बस थांबलेली त्याला दिसलीच नाही.

"अहो, बस!" ती किंचाळली. ब्रेक लागला. चाक कडेच्या दगडाला घासलं आणि स्कूटर डाव्या अंगाला थांबली. मुलुंड चेकनाका दिसत होता. त्याच्या पलीकडे ठाणं.

ती उतरली.

"कुठे चाललात? शाळा मागे राहिली."

दशरथ हँडल धरून बसून होता. हेल्मेटमधून त्याचा आवाज बारीक आला. "हात का नाय दाखवलंस?"

"सांगितलं होतं ना दाखवणार नाही म्हणून? तुम्हाला काय शाळा ठाऊक नाही? अकरा वर्षं सोडताय!"

"हात का नाय दाखवलंस गो?" तो पुन्हा म्हणाला. या वेळी तो रागावून नव्हता विचारत.

मग तिला कळलं. एकदम नाही कळलं. आधी पेट्रोल पंप आठवला, मग झाड, मग आरसा. आरशाशी येऊन तिला इतकं वाईट वाटलं, की तिने न कळत केसांतली अबोली चाचपली. तो बघत होता हे खरं. तिच्याकडे बघत नव्हता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"गणपतीपासून." त्याने हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटले होते. "सगळा आठवता माका. शाळा आठवता, घर आठवता, खणांचे नंबरपण आठवतत. पण नाक्यार इलंय की सगळे रस्ते सारखेच दिसतत. मग तू हात काढतंस आणि माका सुटल्यासारख्या वाटता. तू हात काढशील तिकडे मी वळतंय."

म्हणजे चार महिने ती त्याच्या कोपराकडे बघून हात काढत नव्हती. कोपर केव्हाच सुटायचं थांबलं होतं. ती सवयीने आधी हात काढायची आणि तो मागून वळायचा. इतकी वर्षं ती मागच्यांना हात दाखवत होती. हे चार महिने पुढच्याला दाखवत होती, आणि तिला पत्ता नव्हता.

"आणि मला सोडल्यावर? बाळाकडे?"

"एकदा गेलंय. निघालंय बाळाच्या दुकानात आणि पोचलंय ऐरोलीच्या पुलार. पोलिसाक विचारून परत इलंय. मग नाय गेलंय खंय. थयच बसतंय, तू सुटापर्यंत. झाडाखाली बसलंय तर तू चिडलंस. म्हणान बूथमागे."

सात तास. दूध-बूथच्या मागे, पत्र्याच्या सावलीत. आणि तिने तीन दिवस अबोला धरला होता. रत्नप्रभाला स्वतःचा संताप आला, त्याचा आला, त्या स्कूटरचा आला. ती ओरडली, "सांगायचं नाही? एका शब्दाने? वळायच्या आधीही तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आणि हे पण नाही? वाट लागली असती आपली दोघांची त्या बसखाली!"

बाजूने जाणारे दोघे-तिघे वळून बघायला लागले. बघू देत.

"सांगितला असता तर तू नोकरी सोडलं असतंस," दशरथ म्हणाला. "पाच वर्षा रवलीहत तुझी. माझ्यापाठी घरात बसलं असतंस."

ते खरं होतं. तिने सोडली असती. आज दुपारीच अर्ज दिला असता.

तो स्कूटरवरून उतरला आणि घाईघाईने म्हणाला, "दिवे लावून घेऊया आता. खराच. आजच. इथेच खंय गॅरेज आसात तर..."

"दिवे मागच्यांना दिसतात हो," ती म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "तुम्हाला नाही दिसणार."

तिने डावा हात पुढे केला.

"चावी द्या."

त्याने चावी मुठीत धरली. तेरा वर्षांची स्कूटर, एकतीस वर्षांच्या नोकरीतून घेतलेली एवढी एकच वस्तू त्याच्या एकट्याच्या नावावर होती. तिने घाई केली नाही. चेकनाक्याकडून एकामागून एक गाड्या येत होत्या. कुणी डावीकडे घुसत होतं, कुणी उजवीकडे, कुणाचाही दिवा पेटत नव्हता, आणि तरी सगळ्यांना आपापली वाट ठाऊक होती. तिला त्या सगळ्यांचा हेवा वाटला. मग त्याने मूठ उघडली. चावी घामाने ओली होती. तिने ती पिशवीत, साडीच्या घडीत खाली ढकलली.

शाळेत फोन करून तिने धोंडिरामला सांगितलं, आज येत नाही, मुख्याध्यापिका बाईंना कळवा. "मिस्टर बरं हायेत ना?" त्याने विचारलं. अधूनमधून चहा पाजणाऱ्याला काही अंदाज आला असणार. ती म्हणाली, "उद्यापासून रिक्षाने येऊ आम्ही. त्यांना तुमच्याजवळ गेटात बसवाल? सावलीत?"

"खुर्ची टाकतो की," धोंडिराम म्हणाला.

दशरथ ऐकत होता. ऐकून न ऐकल्यासारखं करत त्याने स्कूटर स्टँडवरून काढली. "ढकलत न्हेवची?"

"मग काय इथे टाकायची? डॉक्टरकडे दुपारी जाऊ. आधी घरी चला."

तो हँडल धरून पुढे, ती मागे सीटच्या दांडीला डावा हात लावून. नाहूरचं घर तिथून तासाभराच्या वाटेवर. कोवळं ऊन नुकतंच पडायला लागलं होतं. मागे फिरायचं तर आधी रस्ता ओलांडून पलीकडच्या अंगाला जायला हवं होतं. मेट्रोच्या पत्र्यांत जिथे फट होती तिथे ते पोचले आणि दशरथ थांबला. त्याने समोर बघितलं, डावीकडे बघितलं, मग आरशात बघायला लागला. आरसा अजून आत वळलेला होता.

तिने उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. तो कमरेपर्यंत आला आणि कळ मस्तकात गेली. हात खाली पडला.

"नाही जात वर," ती म्हणाली. रडू आलं, ते तिने आवरलं नाही. "तोंडाने सांगते. उजवीकडे. आता उजवीकडे वळायचं."

"उजवीकडे," तो म्हणाला.

आणि त्याने स्वतःचा उजवा हात हँडलवरून काढला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. स्कूटर त्याच्या अंगावर कलंडली, तिने मागून दांडी घट्ट धरून ती तोलली. तळहात उघडा, बोटं ताठ, हात खांद्याच्या रेषेत, अगदी ती धरायची तसा. चार महिने आरशात बघून बघून शिकला होता.

मागून भरधाव येणारी रिक्षा करकचून थांबली. तिच्या मागची गाडीही थांबली.

"दिसता मा हात त्यांका?" दशरथने पुढे बघतच विचारलं.

"दिसतो," रत्नप्रभा म्हणाली. "वळा आता."